कंट्रोलरांचा तिमाही हप्ता

१२ मे. बर्फ आणायचा होता.

शीतपेटी भाड्यानं देणाऱ्या दोघांना फोन केले. दोघांच्याही पेट्या बाहेर गेलेल्या. सोलापूरचा मे महिना म्हाताऱ्या माणसांना सोसत नाही. शेवटी आमच्या कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याला गाठलं आणि लाद्या मागितल्या.

"एवढा बर्फ? कार्यक्रम हाय का मॅडम? फोडून देऊ?"

"फोडू नका. कंट्रोलर गेले."

त्यानं हातातला ऊस खाली ठेवला. "कवा?"

"दुपारी जेवून आडवे झाले, उठलेच नाहीत."

लाद्या गोणपाटात गुंडाळून त्यानं स्वतः रिक्षात ठेवल्या. रिक्षा सुटताना विचारलं, "सकाळी किती वाजता काढणार?" हाच प्रश्न त्या दिवशी मला सगळ्यांनी विचारला. त्यांच्या मुलानं तेवढा वेगळा विचारला. बेंगळुरूला फोन मीच लावला होता. बातमी ऐकून त्यानं आधी बायकोला हाक मारली. मग म्हणाला, "काकू, आम्ही तिघंही निघतोय. गाडीनं. सकाळपर्यंत पोचू. थांबाल का?"

"थांबतो."

"नक्की?"

"नक्की म्हटलं ना."

मी शब्द देऊन बसले, पण घर माझं नव्हतं. शुक्रवार पेठेत एका विणकराच्या घराच्या माडीवर कंट्रोलर भाड्यानं राहत. घरमालक जिन्याच्या तोंडाशी उभे होते.

"ताई, माणूस माझा बी होता," ते म्हणाले. "पण वर पत्रा हाय, खाली लेकरं हायत. सकाळी सातला काढायचं म्हंजे काढायचं."

"मुलगा येतोय."

"येऊ दे की. सातच्या आत येऊ दे."

लाद्या वर चढवायच्या होत्या.

कंट्रोलर हे त्यांचं नाव नव्हे. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सोलापूर स्टँडवर काचेच्या खोलीत बसून गाड्या लावायच्या, सोडायच्या आणि माईकवरून पुकारायच्या हे त्यांचं काम. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी आवाज माईकवरचाच राहिला होता. आमच्या घरी आले की गल्लीच्या टोकापासून कळायचं. चहा आला की "चहा लागलेला आहे" म्हणून सांगायचे, आणि कप रिकामा झाला की कुणाचं वाक्य अर्धं असलं तरी उठायचे. निघताना आपण "येतो" म्हणतो. ते म्हणायचे, "सुटतो."

माणसांना ते गावाच्या नावानं हाक मारायचे. मी मंद्रूपची, म्हणून मी मंद्रूप. माझा नवरा बार्शी. त्यांची सून माळशिरस तालुक्यातली, म्हणून ती नातेपुते. घरमालकांचे आजोबा तेलंगणातून विणकामाला आलेले, म्हणून त्यांना ते करीमनगर म्हणत आणि त्यावरून दोघांची वर्षानुवर्षं जुंपायची.

"ओ कंट्रोलर, मी जन्मलो सोलापुरात, बाप जन्मला सोलापुरात. करीमनगर मी बघितलं बी न्हाय!"

"गाडी कुठून सुटली ते विचारतोय मी. कुठं थांबली ते नाही."

मुलाला ते 'डेपो' म्हणत, कारण तो इथलाच. नातीला मात्र गाव नव्हतं. तिचं नाव स्वरा, आणि तिला ते स्वराच म्हणत. तिला त्यांनी तान्ही असतानाच काय ती पाहिली होती.

माझी आणि त्यांची ओळख चांगली झाली नव्हती. मी मंद्रूपहून रोज एसटीनं कॉलेजला यायचे. संध्याकाळच्या परतीच्या गाडीला एकदा मला उशीर झाला. मी फलाटावर धावत होते, हात करत होते, आणि ते काचेतून माझ्याकडे बघत होते. बघत बघत त्यांनी गाडी सोडली. मी खिडकीशी जाऊन भांडले. ते म्हणाले, "मंद्रूप ना? पुढची गाडी पाऊण तासानं. बस तिथं बाकावर. आणि उद्यापासून घड्याळ घाल." मी घड्याळ घेतलं. उपदेश योग्य होता. माणूस मात्र आवडला नाही.

पुढं मी विम्याची एजन्सी घेतली, तेव्हा स्टँडवरच्या कर्मचाऱ्यांकडे जायला लागले. त्यांनी एकही पॉलिसी घेतली नाही, पण बाकीच्यांना म्हणायचे, "घ्या हिच्याकडून. ही वेळेवर येते." माझा निम्मा धंदा त्या एका वाक्यावर उभा राहिला, हे खरं आहे.

त्यांची बायको शांत बाई होती. दोन माणसांपुरतं बोलणं नवरा एकटाच करतो म्हटल्यावर तिला तोंड उघडायचं कारण पडत नसावं. ती गेली तेव्हा मी तिथं होते. मुलगा बेंगळुरूहून निघाला होता, सोबत बायको आणि काही महिन्यांची स्वरा. वाटेत लेकरू ओकायला लागलं म्हणून त्यांना दोनदा थांबावं लागलं. इकडे कंट्रोलरांनी सकाळीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की चारला निघायचं. चार वाजत आले. घरमालक म्हणाले, थांबू. मी म्हटलं, थांबू. भटजीसुद्धा म्हणाले, थोडं थांबायला हरकत नाही. कंट्रोलरांनी घड्याळ बघितलं. "चार सांगितलंय," ते म्हणाले, आणि तिरडीला स्वतः हात घातला.

मुलगा पाचच्या सुमाराला पोचला. आम्ही बायका जिना धुत होतो. तो पाण्यातच उभा राहिला. सून लेकराला घेऊन गाडीतच बसली होती. थोड्या वेळानं स्मशानातून माणसं परतली आणि कंट्रोलर समोर आले. मुलगा ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "आईची गाडीही वेळेवर सोडलीत तुम्ही."

तेराव्यापर्यंत तो थांबला, सगळं केलं आणि गेला. त्यानंतर त्यानं बापाला फोन केला नाही. बापानंही केला नाही. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण त्या विषयावर त्यांचा आवाज मी कधी ऐकला नाही.

स्वरा दोन वर्षांची झाली असेल, तेव्हा एक दिवस ते माझ्या ओसरीत येऊन बसले आणि म्हणाले, "मंद्रूप, नातीची पॉलिसी काढायची."

आजी-आजोबा नातवंडांच्या पॉलिसी काढतात, हे माझ्या धंद्यातलं नेहमीचं काम आहे. बहुतेकांना विम्यापेक्षा नाव लागण्याची हौस असते. आज्जीनं काढली होती, हे लग्नात सांगता यावं. मी कुणाला हसत नाही, पण नियम सगळ्यांना सांगते. कंट्रोलरांनाही सांगितला. आजोबांना पॉलिसी काढता येते, हप्ताही भरता येतो. पण आईबाप हयात असले तर त्यांची संमती लागते, सहीसकट.

"मग घे की सही."

"मी घेऊ?"

"तुझं काम आहे ते."

मी सुनेला फोन केला. नातेपुत्याची मुलगी, बोलायला मोकळी. म्हणाली, "सही करून पाठवते. ह्यांना मी सांगते. पण काकू, त्यांना म्हणावं, पॉलिसी काढली म्हणून फोन करायची सवय लावून घेऊ नका. हे लई मनाला लावून घेतात." कागद कुरिअरनं आले. दोघांच्या सह्या होत्या. सोबत चिठ्ठी नव्हती. कंट्रोलरांनी पाकीट उलटं धरून झटकून बघितलं.

मग आमचं भांडण झालं. मी म्हटलं, हप्ता वर्षाचा ठेवा. थोडा स्वस्त पडतो आणि तुमचे हेलपाटे वाचतात. ते म्हणाले, तिमाही. मी हिशोब करून दाखवला. ते म्हणाले, तिमाही. आणि मोबाईल नंबराच्या रकान्यात स्वतःचा न देता मुलाचा दिला. पाठ होता.

"अहो, हप्ता भरल्याचा मेसेज मग त्याला जाईल. तुम्हाला कळणार नाही."

"मला कशाला कळायला पाहिजे? मीच भरणार ना?"

मग त्यांनी मला कामाची गोष्ट समजावून सांगावी तशी सांगितली. म्हणाले, पूर्वी इथून गाडी सुटली की पुढच्या स्टँडला फोन करून कळवायचे, अमुक गाडी सुटली. तिकडचा माणूस ऐकून ठेवून द्यायचा. "त्यानं उलट विचारलंच पाहिजे असं काही नसतं. आपण कळवायचं." असं म्हणून त्यांनी सही केली, तीही फलाटाएवढी मोठी.

तर वर्षातून चार वेळा बेंगळुरूला एक मेसेज जायचा, की हप्ता मिळाला. बाप सोलापुरात आहे आणि चालता-फिरता आहे, याची तेवढीच पोच. ऑनलाइन भरायला मी कितीदा शिकवलं, पण ते ठरलेल्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधी शटरपाशी उभे असायचे. तिथल्या पोरी मला सांगायच्या, "मॅडम, तुमचे फलाट क्रमांक एक आले होते."

वर्षं अशीच गेली. पलीकडून काही उत्तर नाही. मीही समजले होते की मेसेज येतो आणि पुसला जातो.

मग ते जिन्यावरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात मी गेले तेव्हा पाय वजन लावून टांगलेला होता. मला पाहताच म्हणाले, "मंद्रूप, बुधवारी हप्ता आहे. उशाखाली पाकीट आहे, घेऊन जा."

"मुलाला कळवू का?"

"हप्ता भर. कळतंय त्याला."

पाकीट मी घेतलं. घरी येऊन विचार केला. तिमाही हप्त्याला महिन्याची सवलत असते. तोवर पॉलिसीला धक्का लागत नाही. कुणी आजारी असलं तर घरच्यांना कळवावं, हे माझं मत. मला कळवायचं नाही असं बजावलेलं. मग मी बुधवारी हप्ता भरला नाही. गुरुवारीही नाही. ठरवून नाही भरला.

पुढच्या सोमवारी सकाळी फोन आला. "काकू, मी बेंगळुरूहून. या वेळचा मेसेज नाही आला."

"नाही आला, कारण हप्ता भरलेला नाही."

"ते... बरे आहेत ना?"

मी सांगितलं. ऑपरेशन झालं हेही सांगितलं. तो म्हणाला, "बरं." आला नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून विचारलं, "पाय टेकवायला लागले का?" आणि म्हणाला, "मी विचारलं हे सांगू नका."

मी हप्ता भरला आणि पावती दवाखान्यात नेऊन दिली. कंट्रोलरांनी चष्मा लावून तारीख वाचली.

"बुधवार होता."

"होता."

"माझी गाडी तू अडवून ठेवलीस?"

"ठेवली. म्हणून त्याचा फोन आला."

सांगू नका म्हटलेलं मी सांगितलं. माझ्या मते ते सांगण्यासारखं होतं. त्यांनी पावतीची घडी घातली, परत उघडली. शेजारच्या खाटेवरचा माणूस खोकत होता. मग विचारलं, "किती वाजता आला फोन?"

"अकराच्या पुढं."

"म्हणजे ऑफिसातून केला," ते म्हणाले. "कामातून उठून."

त्यानंतरच्या हप्त्याला गंमत झाली. ठरलेल्या दिवशी सकाळी ऑफिसातल्या पोरीचा मला फोन, "मॅडम, तुमचे कंट्रोलर नाही आले आज. बरे आहेत ना?" कंट्रोलर माझ्या ओसरीत बसले होते. काठी भिंतीला टेकवलेली. खिशात पैसे होते, वरून दिसत होते.

"आज भरायचा ना?" मी विचारलं.

"चहा कर."

चहा झाला. उठले नाहीत. जेवायच्या वेळेपर्यंत बसले आणि गेले. दुसऱ्या दिवशी परत आले. तिसऱ्या दिवशी परत. माझा फोन टीपॉयवर असायचा आणि ते फोनकडे बघत बसायचे. मधूनच तो वाजला की मान वर व्हायची. मी गॅसवाल्याशी बोलायला लागले की खाली जायची. ज्या माणसानं जन्मात एक गाडी उशिरा सोडली नाही, तो माझ्या ओसरीत हप्ता दाबून बसला होता. मला कामं होती. मी त्यांना शेंगा सोलायला दिल्या.

चौथ्या की पाचव्या दिवशी फोन आला. मी स्पीकर लावला. ते डोळ्यांनीच 'नको नको' करत होते, पण खुर्ची पुढं ओढून बसले.

"काकू, मेसेज नाही आला."

"येईल आज-उद्या."

"परत पडले-बिडले नाहीत ना?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं होतं. "नाही. ठणठणीत आहेत. शेंगा खातायत."

"तुमच्याकडं येतात का ते?"

"येतात अधूनमधून."

एवढ्यात पलीकडे एक लहान मुलगी मोठ्यांदा म्हणाली, "पप्पा, कोण आहे? सोलापूरवाले आजोबा आहेत का?" त्यानं काहीतरी म्हणून तिला बाजूला केलं, मला "ठेवतो" म्हणाला आणि फोन बंद झाला.

कंट्रोलरांनी खुर्ची मागं सरकवली. मग म्हणाले, "आवाज ऐकलास का? माईक लागायचा नाही तिला." आणि खिशातून पैसे काढून टीपॉयवर ठेवले. "आता भर."

पुढची दोन वर्षं हाच रिवाज झाला. ते उशीर करायचे, तो फोन करायचा. ते ऐकायचे, बोलायचे नाहीत. मी एकदा रागावलेच. म्हटलं, "समोर फोन आहे, तोंड आहे. बोला की एकदा. का मी दोघांचं बाहुलं झालेय?" म्हणाले, "काय बोलू? तो विचारेल, का थांबला नाही. माझ्याकडं उत्तर नाही." मग शेंगांची टरफलं गोळा करून, सुपात भरून, उठले. त्या दिवशी "सुटतो" म्हणायचं विसरले.

मुलालाही मी एकदा म्हटलं, "ये एकदा. म्हातारे झाले." तो म्हणाला, "दिवाळीत बघतो." दिवाळी झाली. "उन्हाळ्याच्या सुट्टीत बघतो, स्वराची शाळा असते." सुट्टी लागली होती. बारा मे झाली.

रात्रभर माणसं आलटून पालटून बसली. मी घरी जाऊन डोळा लावून पहाटे परत आले. बर्फ पुरला होता. सहाला पुरुष मंडळी जमली, त्यांत एसटीतले जुने ड्रायव्हर-कंडक्टर बरेच. साडेसहाला शववाहिनी आली. पावणेसातला मुलाचा फोन आला. विजापूरच्या अलीकडे टायर फुटला होता, स्टेपनीही बसलेली. टायरवाला उठवून आणला होता. "काकू, अजून अडीच-तीन तास लागतील," तो म्हणाला. त्याला पुढचं विचारायचं धाडस होत नसावं.

मी घरमालकांना सांगितलं. ऊन पत्र्यावर यायला लागलं होतं.

"तीन तास? ताई, जमायचं न्हाय ओ. आणि एक सांगू का? कंट्रोलर स्वतः असते ना, सातला काढले असते. बायकोला न्हाय थांबले. त्यांच्याच शिस्तीनं करू या की. त्यांना बी बरं वाटंल."

जुन्या ड्रायव्हरांनी माना हलवल्या. "बरोबर आहे. त्यांनी कधी गाडी थांबवली नाही."

"थांबवली," मी म्हटलं. "दोन वर्षं थांबवत होते. माझ्या ओसरीत बसून. तुम्हाला माहीत नाही."

कुणाला काही कळलं नाही, आणि मला सगळं सांगत बसायला वेळ नव्हता. दोघंतिघं जिना चढायलाही लागले होते. मी खाली आले. शववाहिनीचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता, इंजिन चालूच.

"चलना है ना म्याडम? मेरेकू दुसरा फोन आरा."

"गाडी बंद करा."

त्यानं बंद केली. मी खिडकीतून हात घालून किल्ली काढली आणि पर्समध्ये टाकली. तो "अरे, अरे" म्हणाला. मी सांगितलं, त्या दुसऱ्या फोनसाठी मी दुसरी गाडी सांगते, तुम्ही चहा घ्या. घरमालक वरून डोकावून बघत होते. त्यांना म्हटलं, "तुमच्या पोराला पाठवा, रसवंतीवाल्याकडून अजून लाद्या आणू दे. खालची लेकरं माझ्या घरी न्या, तिथं कूलर आहे." त्यांनी पोराला हाक मारली.

मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले, म्हणजे वरून कुणाला उतरायचं झालं तर मला ओलांडून जावं लागलं असतं. मग मुलाला फोन लावला.

"सावकाश चालव," मी म्हटलं. "आम्ही निघत नाही."